भाऊजींची झोप

प्रिय बारके,

काल सकाळी माझे हात साबणात होते, तरी धावत येऊन फोन उचलला, आणि तू काय म्हणालीस? "ताई, आधी भाऊजींना दे." आधी म्हणे. मग नंतर कधी उजाडतं ते? तुमचं दोघांचं बोलणं झालं आणि ह्यांनी फोन खिशात टाकला. हे रोजचंच झालंय, म्हणून कागद घेऊन बसले. शुद्धलेखन काढत बसू नकोस. आई कामाला जायची, तुला सांभाळायला घरी कुणीतरी लागायचं, तेव्हाच माझं दप्तर खुंटीला टांगलं गेलं. त्याचं मला काही नाही. तुझ्याइतकं गोड बाळ गल्लीत दुसरं नव्हतं. पण अक्षर असंच राहिलं.

मशीन चांगलं आहे हे आधीच लिहून टाकते, नाहीतर म्हणशील ताईला काही कळत नाही. सिग्नलला बस थांबवून हे स्टिअरिंगवरच झोपले, मागच्यांनी हॉर्न बडवले तेव्हा जागे झाले, आणि बस माणसांनी भरलेली. डेपोने गाडी काढून घेतली, तिकीटखिडकीत बसवलं. तू तुझ्या दवाखान्यात नेऊन तपासणी करवलीस, झोपेत श्वास अडकतो म्हणालीस, नळीवालं मशीन दिलंस, नाकावर मास्क बांधून दिलास. सगळं केलंस. पण नवीन शोध लावल्यासारखं मला समजावून सांगायला लागलीस ना, तिथे माझं डोकं फिरलं. अगं, ह्यांचा श्वास अडकतो हे मला लग्नापासून माहीत आहे. बाकीच्या बायका नवऱ्याच्या घोरण्याने जाग्या होतात, मी घोरणं थांबलं की व्हायचे. कोपर मारायचं, कुशीवर वळवायचं, इंजिन परत सुरू झालं की पडायचं. एवढी वर्षं ते मशीन मीच होते, आणि मला वीजही लागत नव्हती.

तू पहिल्यांदा मास्क बांधलास तेव्हा मी समोरच उभी होते. पट्टा किती सैल ते बघायला तू ह्यांच्या गालाखाली बोट घालत होतीस. कामच आहे तुझं, मान्य. पण हा माणूस माझ्याकडून कधी शर्टाची कॉलर सरळ करून घेत नाही, आणि तुझ्यापुढे मान वर करून गुपचूप बसला होता. घरी मी जरा पट्टा ओढायला गेले तर म्हणतात, राहू दे, तिने सांगितलंय तसंच असू दे. हल्ली आमच्या घरात तिने सांगितल्याशिवाय पान हलत नाही. मशीनच्या डब्यातलं पाणी रोज बदलायचं, तिने सांगितलंय. दाढी रोज करायची, म्हणजे रबर नीट बसतं, तिने सांगितलंय. दाढीसाठी मी जन्मभर कानीकपाळी ओरडले, तेव्हा ह्यांची कातडी नाजूक होती. आता सुट्टीच्या दिवशीही गाल गुळगुळीत. सकाळी त्या गालांवर पट्ट्यांचे वळ असतात. मी लॉन्ड्रीत दिवसभर हॉटेलच्या चादरींच्या सुरकुत्या मोडते, पण हे वळ काही माझ्याने मोडवत नाहीत. तू पाडलेत म्हणून डोळ्यांत खुपतात. हास, हसायचं तर.

आणि तो तुझा मोबाईल, मशीन रात्रीचा सगळा हिशोब त्यावर पाठवतं. शेजारी झोपणार मी, आणि ह्यांना झोप कशी लागली ते तू सांगणार, शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून. किती तास मास्क होता, हवा कुठून गळली, सगळं तुला आधी. समोरच्या बाईने ह्यांची तब्येत विचारली तर मी सांगितलं, माझ्या बहिणीला विचारा, तिच्याकडे असतात ते. त्यात मास्क लावला की बोलायचीही सोय नाही, तोंड उघडलं की हवा फुस्कन बाहेर. पूर्वी अंथरुणावर पडलं की बसमधली भांडणं नकला करून सांगायचे. आता पायलटसारखा अंगठा दाखवतात आणि संपलं.

तुला वाटेल नवरा हातचा चालला म्हणून ताई जळते. मलाही तसंच वाटत होतं. पण परवा चादरी इस्त्रीच्या रोलरला लावताना ध्यानात आलं की मी तुझ्यावर नाही, ह्यांच्यावर जळतेय. तुला मी कडेवर वागवलं, एका पांघरुणात झोपवलं, आणि झोप लागली का म्हणून तू रोज विचारतेस ते ह्यांना. मला कुणी कधी विचारलं ते आठवून सांग.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात तू फोनवर ओरडलीस, भाऊजी काल फर्स्टक्लास झोपलात, असा कागद डॉक्टरांपुढे गेला तर गाडी परत मिळालीच म्हणून. ह्यांनी हं हं करून फोन ठेवला, तुला लाजणं वाटलं असेल. बारके, ती झोप ह्यांची नव्हती. ह्यांनी वैतागून मास्क भिरकावला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडले. मी म्हटलं बघू तरी, तिने एवढं काय दिलंय ह्यांना, आणि लावला. आधी धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं झालं. मग थेट सकाळ. डोकं दुखत नव्हतं. माझं रोज सकाळी दुखतं, मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं. मी ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, तुझाही श्वास अडकतो. मला वाटलं तुला माहीत आहे." म्हणजे एवढी वर्षं मी ह्यांच्यामुळे जागी होत होते की माझ्याचमुळे, देव जाणे. मागे लॉन्ड्रीत माझा हात भाजला, वाफ लागली म्हणून तुला सांगितलं होतं, ते खरं नाही, मी रोलरसमोर उभ्या उभ्या पेंगले होते. तुझ्या मोबाईलला ह्यांच्यात आणि माझ्यात फरक कळला नाही, पण तुला तरी कळायला हवा होता. सोमवारी डॉक्टर तो कागद बघणार. त्यातून ती रात्र काढ, ह्यांना गाडी उशिरा मिळाली तरी चालेल, बसमध्ये लोकांची पोरं असतात. ह्यांना मी हे वाचून दाखवलंय, हो म्हणालेत. आणि माझी तपासणी कधी करतेस ते सांग. दोन्हीचं उत्तर रविवारच्या आत हवं, आणि ते ह्यांना नाही, मला हवं.

तुझीच,
ताई