मॅनिफोल्ड पाहिजे, जुना चालेल

२ मे, सकाळी
गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. चारही सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे पाठवणारं ते बिडाचं धूड. आज गाडी चालू केली तर थेट रणगाडा. शेजारचे काका गॅलरीत येऊन दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते. बहुतेक कौतुक. ऐकू आलं नाही.

दोष गाडीचा नाही. गाडी वयाने माझ्याहून थोडीच लहान, पण इंजिन मी ट्यून करून घेतलंय. दोन कार्बोरेटर, नवा कॅमशाफ्ट. एवढी ताकद मूळच्या बिडाला पेलली नाही, इतकंच. बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या शर्टाची बटणंही याच कारणाने तुटतात. संबंध कळला नाही.

संकल्प: पुढच्या महिन्यात लेक शिकायला परगावी चाललीय. तिला याच गाडीने सोडायचं. जेवताना जाहीर केलं. लेक म्हणाली, "बाबा, तिथे थेट बस जाते." पोरगी पहिल्यापासून भिडस्त.

४ मे
उस्तादकडे गेलो. उस्ताद म्हणजे माझा मेकॅनिक. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावतो आणि डोळे मिटतो. आज इतका वेळ मिटले की मला वाटलं झोपला. झोपलाच होता. जागा झाल्यावर म्हणाला, बिडाचं वेल्डिंग टिकायचं नाही, आणि तसाही हा मॅनिफोल्ड या इंजिनाला म्हणजे पैलवानाने स्ट्रॉमधून श्वास घेतल्यासारखं. चार सुट्या नळ्यांचा पाहिजे, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र.

हे मला आधीपासून माहीत होतं. फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

आठवड्यात मिळेल. फार तर दीड.

१० मे
सुट्टी. भंगारबाजार. मेलेल्या गाड्यांच्या ढिगावर चढलो आणि सापडला! गंजलेल्या का असेनात, चार नळ्या. उस्तादला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. म्हणाला, साहेब, ही दवाखान्यातल्या कॉटची उशाकडची बाजू आहे.

तरी घेऊन आलो. उपयोगी पडेल.

उतरताना पॅन्ट फाटली. कुठे ते लिहीत नाही.

१५ मे
लेक म्हणाली, हॉस्टेलसाठी गादी आणि बादली घ्यायचीय, चला ना. म्हटलं, उद्या. आज जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकायची होती. फोटोसकट टाकली. पहिलं उत्तर: आधी गाडी धुवा. दुसरं: विकणार का, माझा मुलगा भंगारातून शिल्पं करतो. जळतात लोक.

लेकीला मेहुण्याने नेलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, बॅटरीवरची गाडी घेऊन बसलाय. मोबाईलसारखी चार्जिंगला लावतो. अशा माणसाशी इंजिनाबद्दल काय बोलायचं?

संध्याकाळी तिसरं उत्तर आलं. एका निवृत्त दंतवैद्यांचं. माझ्याच मॉडेलची गाडी आहे त्यांची. लिहितात, चार नळ्यांचा मॅनिफोल्ड माझ्याकडे आहे, पण द्यायचा नाही. द्यायचा नसता तर सांगितलं कशाला असतं? आलाच समजा.

१९ मे
दंतवैद्यांकडे जाऊन आलो. मॅनिफोल्ड दिवाणखान्यात भिंतीवर टांगलाय, शिकारीच्या शिंगांसारखा. काय त्या नळ्या, काय ती वळणं! हात आपोआप जोडले गेले. लग्नाच्या वेळीही इतक्या मनापासून जोडले नव्हते.

म्हणाले, बघा, चहा घ्या, हात लावू नका. ओळख वाढावी म्हणून दाढ दुखत असल्याचं सांगितलं. त्यांनी टॉर्च आणून तोंडात पाहिलं. दोन काढाव्या लागतील म्हणाले.

आता खरंच दुखतेय.

२३ मे
अर्धा दिवस रजा (कारण: दाढ). पुन्हा दंतवैद्य. या वेळी त्यांनी शेडमध्ये नेऊन गाडी दाखवली. परदेशातून आणलेली, स्टीअरिंग डाव्या बाजूला. म्हणाले, हा मॅनिफोल्ड डाव्या स्टीअरिंगच्या गाडीचा आहे हो, तुमच्या गाडीत नाही चालायचा. मी नुसता हसलो. स्टीअरिंग या बाजूला असो की त्या, धूर मागूनच निघतो. वस्तू हातची सोडायची नसली की माणूस काय वाटेल ती कारणं काढतो. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात माझी हयात गेली, आणि मला शिकवतात.

मग त्यांना फोन आला. ते फोनवर असताना त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, खुर्चीवर चढून मॅनिफोल्ड उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. "इतकी वर्षं पुसतेय मी हे. घेऊन जा, आणि परत आणू नका." दंतवैद्य दारात येऊन उभे राहिले. काकूंकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. मग पटकन निघालो.

विजय!

२८ मे
उस्तादने बसवला. जुना काढताना त्याचे तुकडे झाले, पण आता तो हवाय कोणाला? चावी फिरवली आणि आवाज आला. जाड, गोल, थेट पोटातून. उस्तादने डोळे मिटले. या वेळी जागा होता. मीही मिटले.

गेटबाहेर काढली. डावीकडे वळवली: लोण्यासारखी. उजवीकडे वळवली: ठक्. पुन्हा: ठक्. वाकून पाहिलं तर स्टीअरिंगचा खालचा दांडा चौथ्या नळीवर आपटतोय. म्हणजे गाडी उजवीकडे वळत नाही.

बाकी सगळं उत्तम.

२९ मे
उस्ताद म्हणाला, नळी जराशी ठोकू. ठोकली. म्हणाला, अजून जराशी. नळी चपटी झाली, इंजिन खोकायला लागलं आणि ठक् होतं तिथेच आहे. मी विचारलं, आता काय? म्हणाला, आता चहा.

दंतवैद्यांना फोन केला. "हो का?" म्हणाले. आवाजात दुःख अजिबात नव्हतं. उलट परत घ्यायला एका पायावर तयार झाले. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

२ जून
शांतपणे विचार केला. उजवीकडे वळायची माणसाला गरज किती? तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडे वळल्यासारखंच होतं. शाळेतली भूमिती. आजवर कोणी तिचा वापर केला नाही, हा माझा दोष नाही.

बायकोला प्रात्यक्षिक म्हणून दुधाच्या दुकानापर्यंत नेलं. परतताना तेच दुकान पुन्हा आल्यावर ती उतरली आणि चालत घरी गेली. मी पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता. माझा निवला होता. मुद्दाम.

४ जून
ऑफिसात एक दावा आला. गाडीवाला लिहितो, 'स्टीअरिंग फिरवलं, पण गाडी उजवीकडे वळेना.' शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, साफ थाप. मी ताबडतोब मंजूर केला. वर मनापासून सहानुभूतीचे दोन शब्द लिहिले. साहेबांनी बोलावलंय.

७ जून, संध्याकाळी
नकाशा पसरून फक्त डाव्या वळणांचा रस्ता आखत होतो. जमतंय. अंतर दुप्पट होतं, पण प्रवासाचा आनंदही दुप्पट.

लेक येऊन शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, महिनाभर तुम्ही त्या गाडीखालीच आहात. मी चाललेय म्हणून का?" म्हटलं, छे, चौथ्या नळीमुळे. "बरं," म्हणाली. पण उठली नाही. नकाशाचं टोक पंख्याने उडत होतं, ते धरून बसली. हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणाली. खिडकीतून मैदान दिसतं. मला हे काहीच माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. मेहुण्यालाही.

ती उठून गेल्यावर नकाशात आपलं घरच सापडेना. छपाई भिकार.

११ जून, सकाळी
निघतोय. लेक माझ्या शेजारी, मागे गादी, बादली, तीन बॅगा. बायको मेहुण्याच्या गाडीत. तिचा काही भरवसाच नाही माझ्यावर. हॉस्टेलच्या दारात त्यांची वाट पाहत उभं राहायचं, असं ठरवलंय.

११ जून, पुढचं
जे झालं ते लिहून ठेवतो, विपर्यास नको.

हमरस्त्याला उजवीकडे वळायचं होतं. म्हणून योजनेप्रमाणे डावीकडे, मग डावीकडे. तिसऱ्या डाव्या वळणावर गटाराचं खोदकाम. त्याच्या पुढचं डावं वळण घेतलं, ते बाजारात. तिथून बाहेर पडायला एकच बाजू मोकळी होती, डावी. लोक वाट देत होते. आवाजामुळे द्यावीच लागते. लेक खिडकीवर कोपर टेकवून बाहेर बघत होती. मला वाटलं, घर सोडताना वाईट वाटतंय. मी म्हटलं, आता लागेलच हमरस्ता. आणि समोर आमचं गेट आलं. गेटात बायको आणि मेहुणा उभे. ते अजून निघालेच नव्हते.

लेक म्हणाली, "बाबा, पोचलो का आपण?"

आणि हसायला लागली. इतकी हसली की ओढणीत तोंड खुपसलं. मीही हसलो. तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मेहुण्याने गादी उचलून आपल्या गाडीत ठेवली.

११ जून, संध्याकाळी, परतीच्या वाटेवर
मेहुण्याची गाडी उजवीकडे वळते. त्यात विशेष काही नाही, सगळ्याच वळतात.

लेकीला सोडलं. बॅगा तिसऱ्या मजल्यावर मी चढवल्या. खिडकीतून मैदान दिसतं, खरं आहे. निघताना ती एकदम बिलगली. शर्टावरचं ग्रीस तिच्या नव्या कुर्त्याला लागलं. पुसायला गेलो तर हात धरला, म्हणाली, राहू दे.

आता मागच्या सीटवर बसून लिहितोय. पुढे बायको आणि मेहुणा. या गाडीची एक मोठी खोट आज लक्षात आली. हिला आवाजच नाही. माझ्या गाडीत हॉर्न दिला तरी मला ऐकू येत नाही. इथे नुसतं नाक ओढलं तर दोघांनी वळून पाहिलं. सर्दी, म्हटलं.

थोड्या वेळाने पुन्हा सर्दी झाली. मेहुण्याने मागे न पाहता रेडिओ लावला. मग आणखी मोठा केला.

माणूस तसा वाईट नाही.