मनोरा, देवदूत आणि वरच्या मजल्यावरची योलांदाबाई

लुक्का, सोमवार

तीर्थस्वरूप देल्फीनाताईस,

धाकट्या एरमेतेचा वाकून नमस्कार. सांता झीटाच्या कृपेने माझा डावा गुडघा सोडून इथे सारं क्षेम आहे. माँतेव्हिदेओच्या दमट हवेत तुझा दमा काय म्हणतो?

"आपल्या लुक्काचे संध्याकाळचे फोटो पाठव, पण तुझ्याच्याने कसलं होतंय म्हणा," हे तुझं फोनवरचं वाक्य मला फार झोंबलं. शनिवारी कॅमेरा गळ्यात अडकवून निघालोच. जिन्यात वरच्या मजल्यावरची योलांदाबाई भेटली (तू परदेशी गेल्यावर इथे राहायला आलेली विधवा, जीभ म्हणजे कात्री). "एकटे गेलात तर फोटोत तुमचा अंगठाच येईल," म्हणाली आणि न विचारता बरोबर निघाली.

सान मिकेले चर्चच्या माथ्यावरचा देवदूत चौकटीत मावेना, म्हणून मी मागे सरकलो. आणखी सरकलो. मागे हॉटेलवाल्याचं टेबल होतं. खिमा भरलेल्या तोर्देल्लीचा रस्सा एका जर्मन पाहुण्याच्या मांडीवर सांडला आणि त्या रश्श्यावर मी बसलो. देवदूत राहिला, पाहुण्याचा वासलेला जबडा तेवढा फोटोत आला. तिथून आम्ही अँफिथिएटरच्या गोल चौकात गेलो. तिथे नेमक्या सुंदर खिडकीत धुणं वाळत होतं. "बाई, ती चड्डी जरा आत घ्या, फोटो काढायचाय!" मी ओरडलो. "तुमच्या फोटोपायी नवऱ्याला उघडा फिरवू का?" बाई वरून कडाडली. अख्खा चौक हसला, योलांदाबाई सगळ्यांत मोठ्याने.

पण ग्विनीजी मनोरा आणि त्याच्या माथ्यावरची झाडं तू मुद्दाम मागितली होतीस. मी हट्टाला पेटलो. उजेड जायच्या आत गाठायचं म्हणून गुडघ्याला शिव्या घालत वर चढलो, आणि चढल्यावर उमगलं, की मनोऱ्यावरून सगळं शहर दिसतं, मनोरा तेवढा दिसत नाही. (जन्म या गावात गेला, ताई!) मी झाडाखाली फतकल मारली. वाटलं, आता योलांदाबाई हसणार. ती हसली नाही. स्वतःच्या रुमालाने माझ्या कोटावरचा रस्सा पुसत म्हणाली, "ताईंना कळवा, भाऊ गुडघा घेऊन वरपर्यंत चढला. फोटोचं काय एवढं?"

खाली उतरेपर्यंत काळोख झाला.

तुझा,
एरमेते

ता. क. : सोबत एकच फोटो आहे. त्यात मनोरा नाही. वाऱ्याने केस विस्कटलेली योलांदाबाई आहे. ती पुसट दिसते, कारण मी कॅमेऱ्याऐवजी तिच्याकडेच पाहत होतो.

पुन्हा ता. क. : आईची अंगठी तुझ्याकडेच आहे ना? ती लगेच पाठव. पाकिटावर 'गुडघ्याचं औषध' असं लिही. योलांदाबाईला मी अजून विचारलेलं नाही, आणि आमच्या इमारतीचं टपाल तीच घेते.