एकदा मेलेल्या माणसाची खोली

मी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा चपला करणे, या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ‘मापवाले’ म्हणून ओळखला जाणारा, राजीखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

१. वसाहतीच्या खोल्या नुकत्याच राहणाऱ्यांच्या नावावर झाल्या. माझी खोली माझ्या पश्चात बायकोची. ती इथल्या स्वयंपाकघरात कामाला होती. त्या काळी बायका तारेच्या कुंपणापलीकडे राहत. बोलायला बंदी, पायाचं माप तेवढं कागदावर यायचं. मी तिला दोन्ही चपला डाव्या पायाच्या पाठवल्या. तिने परत केल्या. मी पुन्हा तशाच पाठवल्या. तिसऱ्या खेपेला ती अधीक्षकांनाच घेऊन कुंपणाशी आली. म्हणाली, “यांना उजवा पाय कळत नाही. कायमचं पलीकडे राहून शिकवावं लागेल.” वैतागून अधीक्षकांनी लग्नाला परवानगी दिली.

२. मी एकोणीस वर्षांचा असताना दादा मला फाटकाशी सोडून गेला. आठ दिवसांत न्यायला येतो म्हणाला. पुढे माझ्या मृत्यूचा दाखला काढून त्याने घरातला माझा हिस्सा घेतला. बरा होऊन मी दारात गेलो, तेव्हा खिडकीतूनच म्हणाला, “तू गेलास असं सगळ्यांना सांगून बसलोय रे.”

मी म्हटलं, “बरं. मग गेलेल्याला पाणी दे.”

त्याने खिडकी लावली. मी बराच वेळ पायरीवर बसून होतो.

आता खोलीचं कळल्यावर त्याचा मुलगा ‘काका, काका’ करत आला आणि चहा पिता पिता खोली पावलांनी मोजून गेला. त्याला मी माझ्या मृत्यूच्या त्या दाखल्याची नक्कल देतो. माझा वारसा त्याच्या बापाने एकदा घेतला आहे. एकाच माणसाचा वारसा दोनदा मिळत नाही.

३. चामडं कापायची रापी, आरी, हातोडी दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या ड्रेसरला. माप चुकतं त्याचं, पण बधिर पायाला मऊ तळ लावणं त्यालाच जमतं.

४. फाटकाशी आमची नावं काढून नंबर दिले जात. तीनशे बारा जणांची खरी नावं मी वहीत लिहिली आहेत. कोणी जुना फोटो घेऊन आजी-आजोबांना शोधत आलं, तर बायकोने आधी बसवावं, मग वही दाखवावी. उशीर केला म्हणून बोलू नये. तिला हे जड जाईल.

५. माझ्या मृत्यूच्या कारणात हा रोग लिहू नये. तीस वर्षांपूर्वी तो बरा झाला. म्हातारपण लिहावं. ते मी इथे कष्टाने मिळवलं आहे.

अंगठा उठण्याजोगा उरलेला नाही, म्हणून पेन मनगटाला बांधून सही केली. वाकडी आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार: निवृत्त सिस्टर, फाटकावरचे रखवालदार (कुलूप काढलं, तरी पद चालू आहे).

ठिकाण: माझी खोली. तारीख: १४ मार्च २०११.