लाल थेंब

मंगळवार, २२ जानेवारी १९७४
सोलापूर

आज कॉलेजात मोड आलेल्या मटकीचा श्वास मोजला. बाटलीत मटकी, तिनं सोडलेला वायू शोषून घ्यायला छोट्या नळीत कॉस्टिक पोटॅश, आणि बाहेर आडव्या बारीक काचनळीत लाल पाण्याचा एक थेंब. मटकी हवा ओढेल तसा थेंब बाटलीकडं सरकायला हवा. माझा मात्र उलटा, बाहेरच पळत होता. सर म्हणाले, "बाटली हातात धरलीस की. तुझ्या उबेनं आतली हवा फुगतेय. हात काढ, लांब बस." लांब बसले आणि थेंब आत निघाला. इतका हळू, की बघता बघता मीच कुठंतरी तरंगत गेले.

संध्याकाळी अण्णा मिलमधून आले, केसांत कापूस तसाच. ते ओट्यावर टेकले, मी त्यांच्या छातीकडं बघत बसले. शांत दिसली. वाटलं, बरे आहेत. आईनं आत बोलावलं, हळूच म्हणाली, "वडलांकडं लई बघू नको गं. तू समोर असलीस की ते दम रोखून बसतात."

मग चुलीपाशीच बसले. खुंटीला मटकीची पुरचुंडी टांगलेली. तीही श्वास घेत असेल ना आत्ता? तो लाल थेंब काही डोळ्यांपुढून जाईना. तेवढ्यात बाहेरून ऐकू आलं. आखूड, घाईचा श्वास, आणि प्रत्येकाच्या शेवटी बारीक शिट्टी. किती दिवस चाललंय हे?

राहवलं नाही, बाहेर गेले. शिट्टी थांबली. अण्णांनी छाती सरळ केली, हसले.

"झाला का अभ्यास?"