शनीच्या कड्यांसाठी घासलेली काच

मंगळवार, १९ मे १९९८
नाशिक रोड

आरसा फुटला. वैशालीला उद्या कसं सांगायचं?

वर्षभर आम्ही दोघी तिच्या गच्चीवर ती जाड काच पावडर टाकून घासत होतो. दुर्बिणीच्या आरशासाठी. घरी सांगायचो, अभ्यासाला बसतो. दुर्बीण झाली की सगळ्यांना शनीची कडी दाखवायची, तोवर बोलायचं नाही, असं ठरलेलं. परवा वैशालीला बघायला पाहुणे येणार, गच्ची आवरायला काढली, म्हणून काच मी घरी आणून पलंगाखाली ठेवली.

आज क्लासहून आले तर आई फरशी पुसत होती.

"पलंगाखाली जाड काच सापडली. लोणच्यावर दाब ठेवायला घेतली, तर निसटली गं. तुझी होती का?"

तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि मी तुकड्यांकडे बघत होते. किती गुळगुळीत झाली होती! फक्त पॉलिश राहिलं होतं.

"नाही, अशीच पडली होती," म्हणाले. खरं ऐकून ती रडली असती म्हणून? की मला आता लपवायची सवयच झालीय?

सुईने तिच्या बोटातली काच काढली.

"बरं झालं, कामाची नव्हती," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.