एवाल्डचा गुडघा

वान्ने, ता. ६ ऑक्टोबर १९५३

ती. हेडविगताईस, एवाल्डचा शि. सा. न. वि. वि.

परवा रविवारी फुटबॉलच्या सामन्यात खाणीच्या संघासाठी दोन गोल मारले. मोसमात एकूण सात! खाणीच्या साहेबांनी स्वतः हात मिळवला आणि मला खालच्या कोळसा फोडण्याच्या कामातून वर काढलं. आता दिव्यांच्या खोलीत बसून कामगारांना दिवे देतो. हे पाय रविवारसाठी राखायचे म्हणे. बाबा चिडवतात की, खाणीत पांढरा शर्ट घालून जाणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. गुडघा सुजतो, पण सामन्याआधी डॉक्टर सुई टोचतात, की दुखणं गायब.

दाजींच्या आवडत्या क्लबवर गोल मारला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा, एवाल्ड

कासेल, ता. १५ ऑक्टोबर

चि. एवाल्डास अनेक आशीर्वाद.

गोलांचं कौतुक आहेच रे, पण सुईनं दुखणं जात नाही, फक्त तुला कळेनासं होतं. गोल आटले की साहेब हात मिळवतील? गरज सरो, वैद्य मरो. इथे पोस्टात जागा आहे, नाताळापर्यंत धरून ठेवतो असं हे म्हणतात. मला भीती वाटते, ये.

मैदानात नसलास तरी तुझीच, हेडविग

वान्ने, ता. २० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. आठ रविवार गोल नाही, म्हणून काय झालं? पोस्टात शिक्के मारण्याइतका मी म्हातारा झालो का? जागा दुसऱ्याला देऊन टाका. सध्या काम जरा बदललंय, पगार उलट जास्त आहे. वसंतात संघात परततोच.

चुकलंमाकलं पोटात घाल.

एवाल्ड

वान्ने, ता. ११ जानेवारी १९५४

चि. सौ. हेडविगला बाबांचे आशीर्वाद.

हे पत्र एवाल्डला कळू देऊ नकोस. गोल थांबले तसा क्लबनं नवा खेळाडू आणला. दिव्यांच्या खोलीत आता तो बसतो आणि एवाल्ड आठशे मीटर खाली जातो. तिथे मी तीस वर्षं काढली आहेत. आमचा कोळशाचा थर इतका बुटका की उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर रांगावं लागतं. त्याचा गुडघा वाकतच नाही, तो आडवा पडून कोळसा फोडतो. पोस्टातली जागा अजून असेल तर जावईबापूंना हात जोडून सांग.

गेल्या मंगळवारी छत कुरकुरलं. सगळे पळाले, याला दोघांनी बगलेत धरून ओढत आणलं. घरी येऊन मला हसत सांगत होता. काल त्या दोघांपैकी एक माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन म्हणाला की, पुढच्या वेळी थांबता येईलच असं नाही, त्यालाही पोरंबाळं आहेत. मी त्याला म्हटलं की, बरोबर आहे, मीही थांबलो नसतो.

तुझा बाप