चार नंबरच्या हुकावरचा कप

३ मार्च, सकाळी ७.४०
कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी महागली. मशीनवर नुसती चिठ्ठी: पंधराची वीस. विचारलं नाही, सांगितलं नाही. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक मी. काउंटरमागे रोजच्या माणसांचे कप टांगायला सहा हुक आहेत, चार नंबरचा माझा. निळा कप, हिने आणलेला. मला साखर नको, हे काउंटरवरच्या ताईंना न सांगता कळतं. त्यांना म्हटलं, हे बरं नाही. त्या म्हणाल्या, दर मालक ठरवतात. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. उद्यापासून बहिष्कार.

४ मार्च
चष्मेवाला आणि पोस्टमन, दोघांना गाठलं. त्यांचेही कप तिथेच असतात. तिघं गेलो नाही की मालक आठवड्यात ताळ्यावर येईल. चष्मेवाला म्हणाला, बघू. पोस्टमन हो हो म्हणत सायकलवर बसला. म्हणजे ठरलं.

५ मार्च
घरी कॉफी केली. उतू गेली. मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माणसांशी बोलता ते त्या दुकानातच, उगाच हट्ट करू नका. तिला बिझनेस कळत नाही.

७ मार्च, ७.३०
समोरच्या बसस्टॉपवर बसून पाहणी. दुकानात गर्दी होती, पण चेहरे पडलेले वाटले. चष्मेवाला आत दिसला. हेरगिरीला गेला असणार. कॉफी पीत होता, ती संशय येऊ नये म्हणून.

१० मार्च
पोस्टमनही फितूर. दुकानातून निघताना दिसला, पुढच्या वळणावर अडवला. म्हणाला, काका, सकाळी दोन मिनिटं टेकायला जागा लागते हो, तुम्हीही या. विचारलं, ताईंनी माझी चौकशी केली का? म्हणाला, लक्षात नाही. कामाच्या गडबडीत विसरला असेल.

११ मार्च
दिवसभर कोणाशी बोललो नाही. संध्याकाळी खोकलो तेव्हा स्वतःचाच आवाज परका वाटला. घर खायला उठतं. पण कप तिथे हुकावर आहे, तोवर माझी जागा पक्की आहे.

१३ मार्च
मालकाला एक संधी द्यायचं ठरवलं. ही माघार नव्हे, वाटाघाटी. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

१४ मार्च, ७.४५
गेलो. मालक नव्हता. चार नंबरच्या हुकावर कुणाचा तरी लाल कप. ताई म्हणाल्या, काका, आम्हाला वाटलं तुम्ही घर बदललं, आणि हुक कमी पडत होते. मग विचारलं, साखर किती?

माझा कप मशीनशेजारी आहे. त्यात ढवळायचे चमचे ठेवलेत. परत मागायला तोंड उघडलं, पण मागे रांग होती. कागदी ग्लासातली कॉफी घेतली, वीस दिले.

तसा कप पुढेच ठेवलाय, सगळ्यांना दिसेल असा. किंमत आहे माझी. उद्यापासून साखर घेणार. डॉक्टर नको म्हणालेत, पण चमचा घ्यायच्या निमित्ताने तिथे थोडं थांबता येईल.